मागून येतोय

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी ७.१२ची गाडी. लिमोजला बदलली. दुपारी अडीचला पोचले. हवा कोरडी, १९ अंश. आज चालायचं नव्हतं.

स्टेशनवर सामानाची व्हॅन घेऊन जोस्लँ नावाचा माणूस आला होता. पन्नाशीचा, दाढी वाढलेली, तोंडाला विश्रांती नाही. रोज सकाळी बॅगा उचलायच्या आणि पुढच्या मुक्कामाच्या घरी नेऊन ठेवायच्या, हे त्याचं काम. आम्ही फक्त चालायचं. कंपनीने नकाशा आणि वाटेची पुस्तिका पाठवली आहे. तिच्यात प्रत्येक वळण लिहिलेलं आहे. वाटाड्या नाही, बरोबर मंडळी नाहीत. रेजीसला हेच आवडलं होतं. गटाने चालायचं तर शाळेच्या सहलीला जावं, असं तो म्हणायचा.

'आम्ही' असं लिहून गेले. आरक्षण दोघांचंच आहे, त्यामुळे खोडत नाही. ते रेजीसने जानेवारीत केलं. तीन मार्चला तो गॅरेजमध्ये शिडी भिंतीला टेकवत होता, तेव्हा गेला. कंपनीला कळवायला मी तीनदा बसले. 'माझे पती' इथपर्यंत लिहायचे आणि उठून काहीतरी धुवायला घ्यायचे. ऑगस्टमध्ये पाकीट आलं. त्यात बॅगांना लावायच्या दोन चिठ्ठ्या होत्या, एक त्याच्या नावाची, एक माझ्या. त्याची चिठ्ठी मी लहान बॅगेला लावली. तिच्यात माझे लोकरीचे कपडे आणि त्याचा हिरवा रेनकोट आहे. माझ्यापेक्षा तो चांगला आहे म्हणून घेतला.

मुलगी ऑरोर म्हणाली होती, आई, एकटी जाऊ नकोस, मी रजा घेते. मी नको म्हटलं. मला कोणाशी बोलायचं नव्हतं.

पहिला मुक्काम वेर्नोबाईंकडे. गुटगुटीत, हसऱ्या, हात सतत पिठाचे. खोली छान आहे. खिडकीतून नाशपतीचं झाड दिसतं. जेवायला खाली गेले तर टेबलावर दोन ताटं. बाईंनी विचारलं, "आणि साहेब?"

मी म्हणाले, "मागून येतोय."

का म्हणाले ते माहीत नाही. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगितलं की बाई हातातलं टाकून जवळ येतील, खांद्यावर हात ठेवतील, मग मला जेवता येणार नाही, असं डोळ्यांपुढे आलं. मार्चपासून हेच चाललं आहे. म्हणून म्हणाले, गुडघा दुखतो त्याचा, सावकाश चालतो, स्टेशनजवळ मित्राकडे थांबला असेल.

बाई मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, "पुरुषांचं काही विचारू नका. आमचे हे लग्नाला पाऊण तास उशिरा आले. पस्तीस वर्षं झाली, रोज नवीन कारण सांगतायत." त्यांनी रेजीसच्या वाटचं मांस झाकून भट्टीत ठेवलं. म्हणाल्या, रात्री येऊ देत की सकाळी, आम्ही वाट बघू.

मी पोटभर जेवले. खोटं बोलून जेवले, पण जेवले.

८ सप्टेंबर, सोमवार

१७ किलोमीटर. सव्वानऊ ते तीन. ढग, पाऊस नाही. डाव्या टाचेला फोड.

वाट सोपी होती. झाडांवर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्या. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे धुण्याचा जुना हौद, मग दगडी क्रूस, मग चेस्टनटची राई. जमीन इथे काळी, ओली, भुसभुशीत. आमच्या शातेल्रोकडे सगळी खडूसारखी पांढरी माती. दफनभूमीच्या टेकडीवर तर बुटाला चिकटली की घासूनही निघत नाही. मार्चमधले बूट मी अजून स्वच्छ केलेले नाहीत.

दिवसभर काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या तासाला कळलं. माझ्यासमोर कोणी नव्हतं. रेजीस नेहमी पुढे चालायचा. एकेचाळीस वर्षं मी त्याची मान बघत चालले. उजव्या कानाखाली एक आडवी सुरकुती, तिच्यात तीळ. त्याचा चेहरा आठवायला मला थोडा वेळ लागतो. मान लगेच आठवते.

आजचा मुक्काम द्युमाझोंकडे. निवृत्त पोस्टमन, बायको मागेच गेली, स्वतः रांधतात. त्यांनीही विचारलं. मीही तेच म्हणाले, मागून येतोय. दुसऱ्यांदा सोपं गेलं. ते म्हणाले, "मग सूप जास्त करतो. गुडघेवाल्यांना भूक फार, मला विचारा, तेहतीस वर्षं सायकल हाणलीय."

सूप संपत आल्यावर त्यांनी वाडग्यात लाल वाइन ओतली, वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावून प्यायले. रेजीस असंच करायचा. त्याचे आजोबा याच भागातले. आमच्या लग्नातसुद्धा त्याने तसं केलं होतं, माझ्या आईदेखत. मी द्युमाझोंना हे सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, मग आपलाच माणूस की! येऊ देत, त्यांच्यासाठी चांगली बाटली फोडतो.

जेवणाआधी मी फाटकापर्यंत जाऊन आले. रस्ता रिकामा होता. आपण खरंच कोणाची तरी वाट बघतोय असं वाटलं आणि बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण आज सहा महिन्यांनी चांगली झोप येणार आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

१९ किलोमीटर. नऊ ते साडेचार. दमट. फोड फुटला. खूप दमले आहे, थोडक्यात लिहिते.

सकाळी जोस्लँ बॅगा न्यायला आला. आल्या आल्या म्हणाला, "अहो मादाम, तुमचे साहेब भेटले की!" काल सकाळी मी निघाल्यावर दुसऱ्या कोणाचं सामान आणायला तो वेर्नोबाईंकडे गेला होता. साहेब स्वयंपाकघरात बसून झाकून ठेवलेलं मांस खात होते. थंडगार. बाईंना गरमसुद्धा करू दिलं नाही. जोस्लँ म्हणाला, "माणूस कमी बोलतो बुवा. मी दहा वाक्यं बोललो, त्यांनी एकच विचारलं. ती आज कुठे उतरणार? मी सांगितलं."

मला वाटलं, दुसरा कोणी चालणारा असेल. बाईंचा घोटाळा झाला असेल. मी विचारलं, दिसायला कसा होता? तो म्हणाला, "टोपी खाली ओढलेली. सदरा पांढरा, इस्त्रीचा. आणि पायात काळे बूट हो, लग्नाला घालतात तसले! असल्या बुटांनी डोंगर चढतात, मग गुडघा दुखेल नाहीतर काय? वर पांढऱ्या मातीने भरलेले. बाईंची फरशी पार घाण केली."

शवपेटीत रेजीसच्या पायात तसलेच बूट होते. द्युमाझो मागे उभे राहून ऐकत होते. म्हणाले, बरं झालं, आज इथे पोचतील, वाडगा तयार ठेवतो. खरं सांगायची ती वेळ होती. मी बुटाची नाडी बांधली आणि निघाले.

दुपारी जंगलातली सरळ वाट आहे, तीन किलोमीटर, दोरीसारखी. अर्ध्यावर मागे पाहिलं. लांब एक माणूस. मी भराभर चालले, मग मागे पाहिलं. तेवढाच लांब. दगडावर बसले, पाणी प्यायले, दहा मिनिटं थांबले. तोही जवळ आला नाही. उभाच होता. मी उठले तेव्हा चालू लागला.

वाटेने जाणारे पुष्कळ असतात. स्वतःला हेच सांगितलं.

मुक्काम तेसूबाईंकडे. ऐंशीच्या पुढच्या, वाळक्या, कमी बोलणाऱ्या. अंगणात मधमाश्यांच्या सात पेट्या. साहेब? मागून येतोय. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि ताट मांडलं.

खोलीत एकच बॅग. मोठी. लहान बॅग नाही. मोठीच्या मुठीला जोस्लँने कागद अडकवला आहे. साहेब रस्त्यात भेटले. त्यांच्या नावाची बॅग त्यांनी मागून घेतली. काळजी नसावी.

रेजीसच्या नावाची.

१० सप्टेंबर, बुधवार

१५ किलोमीटर. कमी होतं तरी संपेना. १६ अंश, पाऊस.

सकाळी तेसूबाई खिडकीशी उभ्या होत्या. कॉफी ओतली नव्हती. म्हणाल्या, उजाडता उजाडता पेट्यांजवळ एक माणूस उभा होता. हिरवा रेनकोट. दाराकडे तोंड करून उभा, हाक नाही, खाकरणं नाही. "मी दार उघडलं नाही. तुमचे असते तर हाक मारली असती. आपल्या बायकोला हाक मारायला कोणी लाजतं का?"

मग म्हणाल्या, "माश्या बाहेर आल्या नाहीत बघा आज. पाऊस तर नंतर लागला." मग खुर्ची ओढून समोर बसल्या आणि विचारलं, "बाई, तुमचा माणूस आहे ना?"

मी टेबलाकडे बघत राहिले. त्यांना उत्तर मिळालं.

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. ते सोपं गेलं असतं. त्यांनी लहानपणची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावी माणूस गेला की शेजारचा एक जण काठी घेऊन निघायचा. नातेवाइकांकडे तर जायचाच, पण त्याआधी जिथे जिथे त्या माणसाची वाट बघत असतील तिथे. पाववाल्याकडे, गिरणीत, दारूच्या दुकानात, मधमाश्यांकडेसुद्धा. दारावर काठी आपटायची आणि नाव घेऊन सांगायचं, अमका गेला, त्याच्यासाठी थांबू नका. "कारण वाट बघितली की त्यांना यावंसं वाटतं. बिचारे. आणि त्यांना जमत नाही. मग दुसरंच कोणी येतं. मांडलेलं ताट कधी रिकामं राहत नाही."

दुसरं कोण, मी विचारलं. बॅगेचं आणि कोटाचंही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "नाव नाही त्याला. म्हणून तर ज्याचं मिळेल त्याचं घेतं. तुम्ही तीन घरी नाव दिलंत, जेवण दिलंत, अंथरूण दिलंत. वर कोट." मग म्हणाल्या, "आता जाऊन सांगा. तुम्हीच सांगायचं, मी सांगून चालणार नाही. माझ्यापासून सुरुवात करा. म्हणा."

मी तोंड उघडलं. 'माझे पती' इथपर्यंत आले. पुढचं आलं नाही. त्या थांबल्या. घड्याळात साडेनऊ झाले. मी रडलेही नाही. फक्त शब्द आला नाही. शेवटी त्या उठल्या, ताट उचललं आणि म्हणाल्या, "मी तुमच्या तोंडावरून समजले. माझ्या घरापुरतं चालेल बहुतेक. पुढच्या घरी चालणार नाही."

वाटेत एक गोष्ट मनात पक्की झाली. ती आधीच कळायला हवी होती. रेजीस कधी कोणाच्या मागून चालला नाही. आगगाडीत शिरताना नाही, चर्चमध्ये नाही, डोंगरात तर नाहीच. मी दमले तर पुढे जाऊन वळणावर थांबायचा, पण पाठमोरा. जे मागून येतं आहे ते तो असूच शकत नाही.

पाऊस असूनही सात वेळा मागे पाहिलं. पाच वेळा हिरवा रंग.

चौथा मुक्काम, बुर्दलाबाई. तरतरीत, गप्पिष्ट. मी दारातच सांगितलं, मी एकटी आहे, कोणी येणार नाही. एवढं जमलं. त्यांनी दुसरं ताट उचललं. मला वाटलं, पुरे झालं असेल.

११ सप्टेंबर, गुरुवार, सकाळ

पुरे झालं नाही.

बुर्दलाबाई नाश्त्याला घुश्शात. कप आपटून ठेवला. काल संध्याकाळी मी खोलीत पडले होते तेव्हा तो परसदारी आला होता, भिजलेला. त्यांनी त्याला गोठ्याच्या पडवीत बसवून सूप दिलं. "नवरा-बायकोची भांडणं होतात, आमचीही होतात, बशा फुटतात. पण गुडघेदुखीच्या माणसाला पावसात सोडून 'मी एकटी आहे' म्हणून सांगायचं? मला पटलं नाही मादाम, तोंडावर सांगते. त्या बिचाऱ्याने तुमच्याबद्दल वाईट शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, तिला काय आवडतं, ती माझ्याबद्दल काय सांगते."

मी म्हणाले, माझा नवरा तीन मार्चला वारला.

असं आलं ते, अचानक. रागाने आलं असेल. मोठ्याने बोलले. बाई पडवीत गेल्या आणि वाडगा चिमट्याने धरून बाहेर आणला. आतून पांढरा झाला होता, खडू फासल्यासारखा.

एकदा तोंडातून गेल्यावर पुढचं जमलं. त्यांच्या फोनवरून वेर्नोबाईंना सांगितलं. रेजीस मोप्ती वारला, त्याच्यासाठी थांबू नका. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण ते दोनदा सकाळी येऊन गेलेत. कालसुद्धा. मी रोज काहीतरी झाकून ठेवत होते. तुम्हीच म्हणाला होतात ना, येतोय..." त्या हसल्या नाहीत. ठेवते म्हणाल्या, भट्टी विझवते.

तेसूबाईंना पूर्ण वाक्य सांगितलं. त्या म्हणाल्या, हं, शाबास.

शेवटी द्युमाझो. त्यांना सगळ्यांत वाईट वाटलं. म्हणाले, "मला तेव्हाच खटकलं होतं. चांगली बाटली फोडली, सुपात ओतून दिली. तर ते वाडग्याकडे बघत बसले. म्हणाले, हे कशासाठी? मी म्हटलं, अहो, तुमच्या बायकोने सांगितलं, तुम्ही आजोबांपासून असंच पिता. मग मी करून दाखवलं. त्यांनी तस्सं केलं. अगदी माझ्यासारखं. करंगळीसुद्धा माझ्यासारखी वर." पुढे म्हणाले, "मी त्यांना शिकवलं, मादाम. आणखीही विचारत होते. कसा चालायचो, कसा बसायचो. मला वाटलं, म्हातारपणामुळे विसरतायत."

त्यांना मी रेजीसच्या मानेबद्दल काही सांगितलं होतं का? आठवत नाही. 'पुढे चालतो' असं सांगितलं असेन. वाइनच्या भरात.

आता एकच घर उरलं. पाचवं, शेवटचं. तिथल्या बाईंना चार वेळा फोन केला. उचलत नाहीत. जाऊन सांगावं लागेल. बॅग जोस्लँने आधीच नेली आहे. उद्या सकाळी दहाला तो तिथूनच मला स्टेशनवर सोडणार. १४ किलोमीटर.

दुपार, दीड

क्रूसाजवळच्या भिंतीवर बसले आहे. मागे कोणी नाही. अर्धा तास झाला. रस्ता चांगला दूरपर्यंत दिसतो. कोणी नाही.

सांगितल्याने झालं. तेसूबाई बरोबर होत्या.

सुटल्यासारखं वाटायला हवं. अर्धा तास झाला असं वर लिहिलं, ते कशात गेलं ते आत्ता ध्यानात आलं. मी मागे बघत बसले होते.

सायंकाळ, सहा

पोचले. दारावर काठी नाही, बुक्की मारली. कोणी नाही. चावी कुंडीखाली. टेबलावर बाईंची चिठ्ठी. मुलीला कळा लवकर सुरू झाल्या, दवाखान्यात जाते. सूप चुलीवर आहे. पाव कपड्यात. दोघांचं अंथरूण घातलं आहे. जोस्लँ म्हणाला साहेब नेहमी उशिरा येतात, दार नुसतं लोटून ठेवा.

दोन वाडगे. दोन चमचे.

एक वाडगा उचलून कपाटात ठेवला. चमचाही. दाराला कडी घातली. मोबाइलला रेंज नाही. ऑरोरला लावून पाहिला, चार वेळा. शेजारचं घर बंद, झडपा लावलेल्या.

मग खोलीच्या मधोमध उभी राहून मोठ्याने म्हणाले, रेजीस मोप्ती वारला, त्याच्यासाठी थांबू नका. भिंतींना. भिंती कुठे थांबल्या होत्या?

साडेसहा

फाटकाशी आहे.

लख्ख उजेड आहे अजून. पाऊस नाही. हिरवा कोट. काळे बूट. पांढरे— गुडघ्यापर्यंत पांढरे. आत येत नाही. फाटक उघडं आहे.

चार घरांनी ताटं उचलली. या घरातलं मी उचललं. आता कोणीच वाट बघत नाही. मग का उभा आहे? कोणाच्या—

हो. कळलं.

मी सहा महिने रोज संध्याकाळी सातला फाटकाचा आवाज ऐकते. शातेल्रोला. त्याची खुर्ची तशीच आहे. शिडीसुद्धा गॅरेजमध्ये टेकवलेली, मी काढलेली नाही. माझ्या दारावर कोणी काठी आपटली नाही. सगळे सांत्वन करून गेले. मला कोणी सांगितलंच नाही की—

आता मीच सांगायचं. स्वतःला. मोठ्याने. सोलांज, थांबू नकोस.

पावणेसात

तीनदा प्रयत्न केला. 'सोलांज' इथपर्यंत.

सकाळी जमलं होतं. सकाळी राग होता. आता राग नाही. नुसती दमले आहे.

तो वळला.

आता पाठ माझ्याकडे. टोपी काढली आहे. कोटाची कॉलर खाली— मान. कानाखाली आडवी रेघ. आणि तीळ. मी तीळ कोणालाच सांगितला नव्हता. वहीत लिहिलं होतं, सोमवारी. वही बॅगेत असते. मंगळवारी रात्री ती मोठ्या बॅगेत मिळाली. पण सकाळी मी कुठल्या बॅगेत ठेवली होती—

तो नाही हे मला माहीत आहे. लिहून ठेवते. तो नाही. तो नाही.

वळणावर असाच थांबायचा. पाठमोरा. मी येईपर्यंत.

सात

कडी काढलेली नाही असं वाटतं. बघायला उठले होते. हात कडीवर होता, बराच वेळ. आता परत इथे आहे. कडी आहे की नाही, इथून दिसत नाही.

बाहेर रेतीवर बूट. एक. एक. घाई नाही.

सूप उकळलं. आच कमी केली. फार आहे, एकटीला संपणार नाही. सहा महिने मी दोघांचं करते आणि सकाळी ओतून देते.

कपाटातून वाडगा काढला. धूळ नव्हती तरी पुसला. त्याच्या जागी ठेवला, खिडकीच्या बाजूला. पाव कापला. एक पळी माझ्या वाडग्यात. एक दुसऱ्या. त्याला गाजर आवडत नाही, ते बाजूला काढते आहे. अजून अर्धी पळी, म्हणजे वाइनला जागा—